शाळेपर्यंतचा एक किलोमीटर: वस्तीतला रस्ता चालण्यासाठी आणि सायकलीसाठी सुरक्षित कसा करून घ्यावा

सोलापुरात एखाद्या चौकात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी निवेदन तयार होते आणि त्यात मागणी ठरलेली असते: येथे गतिरोधक करा. कधी तो होतो, कधी होत नाही. झाला तरी वर्षभरात त्याच जागी पुन्हा कोणीतरी पडते. याचे कारण बहुतेक वेळा प्रशासनाच्या उदासीनतेपेक्षा कामाच्या चुकलेल्या क्रमात असते. रस्त्याचा नेमका त्रास कोणाला, कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी होतो हे न मोजताच उपाय मागितला जातो, आणि मग जे मिळते ते भलत्याच जागी बसते. आमच्या गल्लीत नेमके हेच झाले. आम्ही गतिरोधक मागितला, संबंधित कार्यालयाने एका रात्रीत डांबराचा उंच, टोकदार उंचवटा करून दिला, त्यावर ना पांढरे पट्टे होते ना आधी फलक, आणि पहिल्याच पंधरवड्यात अंधारात तीन दुचाकीस्वार तेथे आपटले. चौथ्या महिन्यात तो आम्हीच विनंती करून काढायला लावला. मुलांना शाळेत जाताना जो रस्ता ओलांडावा लागत होता, तो त्या उंचवट्यापासून सत्तर पावलांवर होता.

पुढील टप्पे त्या अनुभवानंतर लिहून ठेवलेले आहेत. ते ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत.

टप्पा १ : एकच वाट निवडावी

संपूर्ण प्रभाग सायकलस्नेही करण्याचा संकल्प सोडून अंदाजे एक किलोमीटरची एकच वाट निवडावी. तिच्या एका टोकाला घरे असावीत आणि दुसऱ्या टोकाला शाळा, बाजार, बसथांबा, दवाखाना किंवा कारखाना यांपैकी रोज जाण्याचे ठिकाण असावे. पूर्व भागातील एखाद्या नगरातून विडी कारखान्यापर्यंतची वाट, अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारी कामगारांची वाट, जुळे सोलापुरातील वसाहतींतून शाळेकडे जाणारी वाट, सात रस्त्याकडून महाविद्यालयाकडे जाणारी वाट, यांपैकी कोणतीही चालेल. परंतु ती अशी असावी की जिच्यावर आजच बरीच माणसे चालतात. रिकामा रस्ता सुंदर करून तेथे माणसे येतील अशी वाट पाहण्यात वर्षे जातात.

सिद्धेश्वर तलावाभोवती किंवा धर्मवीर संभाजी तलावाजवळ सकाळी फिरायला जाणाऱ्यांची वाट निवडण्याचा मोह होतो, कारण तेथील मंडळी निवेदनावर चटकन सही करतात. तो मोह टाळावा. फिरायला जाणारा माणूस वाट बदलू शकतो. तयार विड्या कारखान्यात देऊन दुसऱ्या दिवसाची पाने घेऊन परतणारी बाई तसे करू शकत नाही.

पडताळणी: निवडलेली वाट एका दमात चालून पाहावी. वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर ती लांब आहे आणि तिचे दोन भाग करावेत.

टप्पा २ : माणसे मोजावीत

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तोच गाळतात. महापालिकेतील अभियंत्यासमोर पन्नास सह्यांचे निवेदन आणि दोन पानांची मोजणी ठेवली, तर चर्चा मोजणीवर होते.

मोजणीसाठी वाटेवरील तीन ठिकाणे ठरवावीत: जेथे सर्वांत जास्त लोक रस्ता ओलांडतात ते एक, जेथे फूटपाथ सर्वांत अरुंद किंवा अडलेला आहे ते दुसरे, आणि जेथे वाहने सर्वांत वेगात असतात ते तिसरे. प्रत्येक ठिकाणी दोन माणसे बसवावीत. एकाने पायी चालणारे आणि सायकलस्वार मोजावेत, दुसऱ्याने मोटार वाहने. एकाच माणसाने दोन्ही मोजू नयेत, कारण गर्दीच्या वेळी वाहनांचा आकडा डोळ्यात भरतो आणि पायी माणसे निसटतात. वहीत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखून चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, या जुन्या पद्धतीने नोंद करावी. मोबाइलच्या अॅपवर हे काम नीट होत नाही असा आमचा अनुभव आहे.

पायी चालणाऱ्यांत महिला, पुरुष, शाळकरी मुले, वृद्ध, आणि काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारे असे वेगळे रकाने असावेत. सायकलस्वारांत चालवणारे आणि सायकल हातात धरून चालणारे वेगळे मोजावेत; जेथे लोक सायकलवरून उतरून ती ढकलत नेतात तेथे रस्त्याने त्यांना उतरवलेले असते. मात्र या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा रकाना आहे तो ‘फूटपाथ असूनही रस्त्यावर उतरून चालणारे’ यांचा. शंभरातील सत्तर माणसे फूटपाथ सोडून डांबरावरून चालत असतील, तर तो फूटपाथ निरुपयोगी आहे हे सिद्ध करायला आणखी छायाचित्रांची गरज उरत नाही.

वेळा वस्तीनुसार ठरवाव्यात. शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ, यंत्रमाग कारखान्यांची पाळी बदलण्याची वेळ, विडी कारखान्यात माल देण्याची वेळ, आणि दिवेलागणीनंतरचा एक तास एवढे पुरेसे आहे. कामाचे दोन दिवस आणि जवळच्या आठवडी बाजाराचा एक दिवस मोजावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असताना दुपारची मोजणी केली तर रस्ता ओसाड दिसतो आणि ‘येथे चालतेच कोण’ असे ऐकावे लागते. म्हणून उन्हाळ्यात मोजणी करायचीच असेल तर सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी सहानंतर करावी.

वेग मोजण्यासाठी यंत्राची गरज नाही. रस्त्याच्या कडेला चुन्याच्या फक्कीने तीस मीटर अंतराच्या दोन खुणा कराव्यात आणि वाहन पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंदांत जाते ते मोबाइलच्या घड्याळावर पाहावे. ३.६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, २.७ सेकंद लागले तर ४० आणि सुमारे २.२ सेकंद लागले तर ५० असतो. निदान शंभर वाहनांची नोंद घ्यावी, ती वेगानुसार लावावी, सर्वांत वेगवान पंधरा टक्के बाजूला काढावीत आणि उरलेल्यांतील सर्वाधिक वेग लिहावा. अभियंते याच आकड्याची भाषा बोलतात. सरासरी वेग सांगू नये. सरासरीत रिक्षा आणि टमटम वेगवान मोटारींना झाकून टाकतात.

ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात त्याचे वाहन सुमारे २१ मीटर पुढे गेलेले असते. ३० च्या वेगात हेच अंतर साडेबारा मीटर असते. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० ची धडक ३० च्या धडकेपेक्षा पावणेतीन पटींहून जास्त जबर असते. निवेदनात हा एक परिच्छेद जरूर घालावा.

सावधान: रस्त्यात उभे राहून मोजू नये आणि मुलांना वेगमोजणीवर बसवू नये. वाहनांचे क्रमांक टिपू नयेत किंवा चालकांचे चित्रीकरण करू नये. त्यामुळे भांडणे होतात आणि काम तेथेच अडते.

टप्पा ३ : लोकांना विचारावे, पण नेमके विचारावे

‘रस्ता कसा वाटतो?’ या प्रश्नाला ‘खराब’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी तीनच प्रश्न विचारावेत: फूटपाथवरून खाली कोठे उतरावे लागते, मुलाला एकट्याने कोठपर्यंत सोडता, आणि अंधार पडल्यावर कोणता भाग टाळता. सोलापुरात हे प्रश्न केवळ मराठीतून विचारले तर अर्धी वस्ती सुटते. पूर्व भागात तेलुगू, अनेक पेठांत कन्नड आणि काही मोहल्ल्यांत दखनी बोलणारी माणसे सोबत घ्यावीत. ज्येष्ठ बायका परभाषेत ‘सगळे ठीक आहे’ म्हणतात आणि स्वभाषेत पाऊण तास बोलतात, हे आम्ही दोन-तीन ठिकाणी पाहिले.

टप्पा ४ : टेप घेऊन वाट तपासावी

आता एक टेप, एक वही, एक सायकल, एक वृद्ध व्यक्ती आणि शक्य असल्यास एक चाकाची खुर्ची घेऊन संपूर्ण वाट हळूहळू पार करावी. दर पन्नास मीटरवर थांबून पुढील गोष्टी लिहाव्यात.

फूटपाथची एकूण रुंदी लिहू नये, अडथळ्याविना मिळणारी मोकळी रुंदी लिहावी. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात ही रुंदी किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात अडीच मीटर असावी, तर डोक्यावर २.२ मीटर उंचीपर्यंत काही लोंबत नसावे. तीन मीटर रुंद फूटपाथच्या मधोमध विजेची डीपी, झाडाचे आळे आणि फलकाचा खांब असला तर हाती उरते ती पाऊण मीटरची चिंचोळी पट्टी, आणि तीच वहीत गेली पाहिजे. फूटपाथची रस्त्यापासूनची उंची १५० मिलिमीटर, म्हणजे साधारण वीतभरापेक्षा कमी, असावी. त्याहून उंच फूटपाथवर गुडघेदुखी असलेली व्यक्ती चढतच नाही. उतार असेल तेथे दर एक फूट उंचीला बारा फूट लांबी मिळते का हे पाहावे.

सायकलस्वाराच्या दृष्टीने कडेची तीन फूट पट्टी महत्त्वाची असते. तेथील बुजवलेले आणि खचलेले चर, रस्त्याच्या पातळीपेक्षा वर आलेली किंवा खाली गेलेली चेंबरची झाकणे, आणि पावसाळी गटाराच्या जाळ्या यांची स्वतंत्र यादी करावी. जाळीच्या सळ्या रस्त्याला समांतर असतील तर सायकलचे चाक अडकून माणूस तोंडावर पडतो. त्या आडव्या करून घेणे हे एका दिवसाचे आणि अत्यंत स्वस्त काम आहे. आपल्याकडे कडेला माजलेली वेडी बाभूळ हाही अपघाताचाच विषय धरावा. तिच्या काट्यांनी चाक पंक्चर होते, म्हणून सायकलस्वार कड सोडून मध्ये येतो आणि मागून येणारे वाहन त्याला कड सोडल्याबद्दल दोष देते.

रात्रीची फेरी वेगळी करावी. दिवे रस्त्याच्या मध्यावर लागलेले असतात आणि झाडांच्या फांद्यांमुळे फूटपाथवर उजेड पोहोचत नाही, हे दिवसा कळत नाही.

पडताळणी: यादीतील प्रत्येक नोंदीपुढे जवळच्या खांबाचा क्रमांक किंवा दुकानाची खूण, मोजमाप आणि एक छायाचित्र आहे का ते पाहावे. ‘बऱ्याच ठिकाणी खड्डे’ ही नोंद नव्हे.

टप्पा ५ : रस्ता कोणाचा ते शोधावे

चुकीच्या कार्यालयात दिलेले उत्तम निवेदन सहा महिने फिरत राहते. शहरातील आतले रस्ते महापालिकेकडे असले तरी विजापूर, हैदराबाद, होटगी, अक्कलकोट, तुळजापूर या बाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या निरनिराळ्या भागांची जबाबदारी महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा यांपैकी कोणाकडेही असू शकते, आणि एकाच चौकाच्या दोन बाजू दोन यंत्रणांकडे असण्याचीही शक्यता असते. प्रथम महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात विचारावे. तोंडी उत्तरावर समाधान न झाल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. अर्जात तीनच गोष्टी मागाव्यात: रस्त्याची देखभाल कोणाकडे आहे, विकास आराखड्यात त्याची रुंदी किती आहे, आणि येत्या वर्षात तेथे जलवाहिनी, ड्रेनेज किंवा काँक्रिटीकरणाचे कोणते काम मंजूर आहे.

तिसरा प्रश्न विसरू नये. सोलापुरात जलवाहिनीसाठी रस्ता खोदला जाणे ही नित्याची गोष्ट आहे. नवे झेब्रा पट्टे मारल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांच्या मधोमध चर खणला गेला, तर तो खर्च आणि ती वर्षभराची धावपळ दोन्ही पाण्यात जातात. खोदाई मंजूर असेल तर आपले काम तिच्यामागे लावावे आणि चर बुजवताना कडेची पट्टी पूर्ववत करण्याची अट त्याच कामात घालून घ्यावी.

वेगमर्यादा, वाहनांना बंदी, एकेरी वाहतूक आणि थांबण्यास मनाई या बाबी मोटार वाहन कायदा, १९८८ खाली येतात, म्हणून त्यासाठी शहर पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे स्वतंत्र पत्र द्यावे. वारंवार गंभीर अपघात होणाऱ्या जागेसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडेही प्रत पाठवावी.

टप्पा ६ : दुकानदार आणि पथविक्रेते यांच्याशी आधीच बोलावे

फूटपाथ मोकळा करा अशी मागणी करून अतिक्रमणविरोधी पथक बोलावणे हा सोपा वाटणारा आणि हमखास फसणारा मार्ग आहे. पथक जाते, तिसऱ्या दिवशी गाडे परत येतात आणि वस्तीत तुमच्याविरुद्ध एक गट तयार झालेला असतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना संरक्षण आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा दिलेल्या आहेत. भाजीचा गाडा रस्त्याच्या कडेने हलवला तर १.८ मीटरची वाट उरते का, हे त्या विक्रेत्यासमोर टेप लावून पाहावे. बऱ्याच वेळा गाडा दोन हात सरकवणे पुरते. जेथे पुरत नाही तेथे पर्यायी जागेचा प्रश्न समितीकडे न्यावा.

दुकानदारांची भीती निराळी असते: समोरची वाहने हटली की गिऱ्हाईक जाईल. त्यांच्याच दुकानापुढे एक तास बसून आलेल्या गिऱ्हाइकांपैकी किती चारचाकीने, किती दुचाकीने आणि किती पायी आले हे त्यांच्यासह मोजावे. आकडा त्यांच्या हाताने लिहिला गेला की वाद मवाळ होतो. शिवाय एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात. तेवढा एक लोखंडी सायकल स्टँड दुकानाच्या बाजूला मिळवून देण्याचा प्रस्ताव सोबत न्यावा.

या टप्प्याला तीन आठवडे द्यावेत. घाई केल्यास पुढचे सर्व टप्पे पुन्हा येथून सुरू करावे लागतात.

टप्पा ७ : उपाय क्रमाने लावावेत

येथे चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. उपायांचा क्रम असा असावा: आधी आहे ते मोकळे आणि दुरुस्त करणे, मग रस्ता ओलांडण्याची जागा, त्यानंतर वेग, आणि सर्वांत शेवटी सायकलची स्वतंत्र पट्टी. लोक नेमके उलट्या बाजूने सुरू करतात.

पहिल्या भागात ढापे बसवणे, चेंबर समपातळीत आणणे, जाळ्या आडव्या करणे, बाभूळ तोडणे, फांद्या छाटणे, दिवे फिरवणे आणि राडारोडा उचलणे ही कामे येतात. यांतील बरीचशी झोन कार्यालयाच्या नेहमीच्या देखभालीतून होऊ शकतात आणि वेगळ्या मंजुरीसाठी अडून राहत नाहीत. ती झाली की लोकांचा विश्वास बसतो, आणि पुढच्या अवघड कामांसाठी त्याची गरज पडते.

रस्ता ओलांडण्याची जागा लोक जेथून ओलांडतात तेथेच असावी. शाळेच्या फाटकासमोरून मुले पलीकडे जात असतील आणि झेब्रा पट्टे साठ मीटर दूर चौकात असतील, तर मुलांना शिस्त लावण्यात वेळ घालवण्यापेक्षा पट्टे फाटकाजवळ आणावेत. तेथे दुभाजक असेल तर त्यात चाकाची खुर्ची जाईल एवढी समपातळीतील फट असावी, आणि रस्ता रुंद असेल तर मध्ये थांबायला सुरक्षित जागा असावी. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत वाहन उभे राहू देऊ नये, कारण उभ्या टेम्पोच्या आडून निघालेले मूल चालकाला शेवटच्या क्षणी दिसते. सिग्नल असेल तर हिरव्या माणसाची वेळ घड्याळावर पाहावी. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या हिशेबाने चौदा मीटर रुंद रस्त्याला बारा सेकंद पुरतात, परंतु वृद्ध व्यक्ती सेकंदाला ०.९ मीटर चालते असे धरल्यास सोळा सेकंद लागतात. शाळा आणि दवाखान्याजवळ दुसरा हिशेब धरावा.

वेगासाठी गतिरोधक हा एक पर्याय आहे, एकमेव नव्हे. वळणाचा कोपरा आवळून लहान करणे, फूटपाथ कोपऱ्यावर थोडा पुढे आणणे, झेब्रा पट्टे फूटपाथच्या उंचीच्या सपाट चौथऱ्यावर घेणे यांनी चालक आपोआप मंदावतो आणि ओलांडणाऱ्याचे अंतरही कमी होते. गतिरोधकच हवा असेल तर तो भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाने मागावा: ३.७ मीटर लांब, मध्यावर १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा सौम्य गोलावा असलेला. या मापावरून वाहन ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने विनाधक्का जाते. त्यावर पट्टे, सुमारे ४० मीटर आधी फलक आणि वर दिवा नसेल तर तो स्वीकारू नये. मानेएवढ्या जाडीचे डांबराचे वरवंटे हे कोणत्याही नियमात बसत नाहीत, आणि सायकलस्वार व पाठदुखीचे रुग्ण यांनाच त्यांची शिक्षा होते.

सायकलची वेगळी पट्टी सर्वत्र लागत नाही. ज्या गल्लीत वाहनांचा वेग ३० च्या आत आणता येतो तेथे सायकल इतर वाहनांसह सुखाने चालते. होटगी रस्त्यासारख्या रुंद रस्त्यावर, जेथे हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि मालमोटारी धावतात, तेथे केवळ रंगाने आखलेली पट्टी मुळीच पुरेशी नाही; तिला उंचीचा किंवा कठड्याचा भौतिक आडोसा हवा. आडोसा देणे शक्य नसेल तर पट्टी आखूच नये आणि सायकलस्वारांना समांतर आतल्या रस्त्याने नेणारी वाट तयार करावी. रंगाची पट्टी दुसऱ्या दिवशी वाहनतळ होते.

सावधान: दुचाकी फूटपाथवर चढू नये म्हणून खांब रोवण्याची मागणी सर्रास होते. चाकाच्या खुर्चीसाठी दोन खांबांत सुमारे १.२ मीटर अंतर सोडावे लागते आणि त्यातून दुचाकी आरामात जाते. खांबांनी चारचाकी थांबते. दुचाकीसाठी पोलिसांची कारवाई आणि रस्त्यावरची कोंडी सोडवणे याशिवाय मार्ग नाही. अंतर कमी करून खुर्चीवाल्याला अडवू नये.

टप्पा ८ : आधी तात्पुरती चाचणी, मग पक्के काम

काँक्रीट ओतल्यावर चूक सुधारणे कठीण असते, म्हणून वाहतूक शाखेच्या लेखी परवानगीने निदान दोन आठवड्यांची चाचणी घ्यावी. कोपरा आवळण्यासाठी प्लास्टिकचे शंकू किंवा वाळूने भरलेले डबे, पट्ट्यांसाठी रंग आणि पोलिसांचे बॅरिकेड एवढे साहित्य पुरते. अंधारात दिसावेत म्हणून प्रत्येक वस्तूवर चमकती पट्टी असलीच पाहिजे. चाचणीच्या पहिल्याच दिवशी घंटागाडी, शाळेची बस, पाण्याचा टँकर आणि अग्निशमन दलाची गाडी तेथून वळते का हे प्रत्यक्ष वळवून पाहावे. आम्ही एका चाचणीत टँकर विसरलो आणि त्याने सकाळी सहा वाजता आमचे चार शंकू चिरडले.

चाचणीची तारीख सोलापूरचे पंचांग पाहून ठरवावी. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा आणि तिच्यासोबतची गड्डा जत्रा, एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका, गणेशोत्सव, आणि कोजागरीला तुळजापूरकडे पायी जाणारी गर्दी या काळात पोलीस मोकळे नसतात आणि वाहतूकही नेहमीची नसते, त्यामुळे आकडे निरुपयोगी ठरतात. शाळेच्या सुट्ट्याही टाळाव्यात. ऑगस्टचा पहिला पंधरवडा किंवा दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचे आठवडे बरे पडतात.

पडताळणी: दुसऱ्या आठवड्यात टप्पा २ मधील मोजणी त्याच जागी, त्याच वारी आणि त्याच वेळी पुन्हा करावी. फूटपाथ सोडून चालणारे घटले का आणि पंधरा टक्के वगळून उरलेला सर्वाधिक वेग उतरला का, हे दोनच आकडे पाहावेत. उतरला नसेल तर रचना बदलून आणखी एक आठवडा चाचणी घ्यावी.

टप्पा ९ : प्रस्ताव द्यावा

प्रस्ताव दोन पानांचा असावा: पहिल्या पानावर वाटेचा हाताने काढलेला नकाशा आणि आधीचे-नंतरचे आकडे, दुसऱ्या पानावर कामांची यादी, प्रत्येकापुढे जागा आणि माप. बाकी सर्व जोडपत्रात जावे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्यायोग्य फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. त्याचा उल्लेख एका वाक्यात करावा, भाषण करू नये. इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीत, आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नये. प्रत प्रभागातील सर्व नगरसेवकांना द्यावी, एकालाच नव्हे.

अंदाजपत्रकाची तयारी हिवाळ्यात सुरू होते आणि नवे वर्ष १ एप्रिलला लागते, म्हणून प्रस्ताव नोव्हेंबरपर्यंत पोहोचावा. फेब्रुवारीत दिलेल्या प्रस्तावाला बहुधा ‘तरतूद नाही’ हे उत्तर मिळते आणि ते खोटेही नसते.

टप्पा १० : काम चालू असताना आणि नंतर

काम सुरू होईल त्या दिवशी कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाला मापांची यादी द्यावी आणि रोज एक जण टेप घेऊन जावा. डांबराचा नवा थर जुन्यावर चढवला की चेंबर खड्ड्यात जातात, म्हणून थर टाकण्यापूर्वी झाकणे उचलली का ते पाहावे. पट्ट्यांचा रंग धुळीवर मारला तर एका पावसाळ्यात निघतो. आधी रस्ता झाडून घ्यायला सांगावे. काम चालू असतानाही चालणाऱ्यांना तात्पुरती मोकळी वाट मिळालीच पाहिजे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल निकषांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. हे कलम धमकीसाठी वापरू नये, परंतु मापात तडजोड सुचवली गेल्यास शांतपणे आठवण करून द्यावी.

काम संपल्यावर वही बंद करू नये. मे महिन्याच्या अखेरीस गटाराच्या जाळ्या, ढापे आणि फांद्या पाहाव्यात. ऑक्टोबरमध्ये खचलेले चर, पुसट पट्टे आणि पावसात पुन्हा वाढलेली बाभूळ पाहावी. तिसरी फेरी साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात रात्री करावी, कारण तेव्हा ट्रॉल्या कोणत्या चौकात वळतात, कोठे रस्त्याकडेला थांबतात आणि त्यांच्या मागे लाल चमकती पट्टी आहे का, हे त्याच आठवड्यात कळते. या तिन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात, आणि ती वही एका माणसाच्या कपाटात न राहता शाळेच्या कार्यालयात किंवा वाटेवरच्या एखाद्या दुकानात, कोणालाही मागता येईल अशी ठेवावी.